भरतीला गेलो रत्नागिरीला

आमची नात मोनाली ओट्यावर बसून मोबाईलवर कुणाला तरी सांगत व्हती, "या टायमाला रत्नागिरीची भरती चुकवून चालणार न्हाई." म्या ऐकलं आन जसंच्या तसं माझ्या पोराला, म्हंजे तिच्या बापाला सांगितलं. बाळू ताडकन उठला. पोरगी पोलीस भरतीला चालली! सांजच्यापातूर अख्ख्या मार्गासनी गावात बातमी झाली. कुणी खारका आणून दिल्या, कुणी पळायचं बूट. मोनालीनं तोंडातनं अवाक्षर काढलं न्हाई. तवाच मला वळखायला पायजे व्हतं, कारण ही पोरगी झोपेतबी गप नसती.

सोबतीला म्या. भात झोडून घरात आलं व्हतं, गुडघं नुसतं बसून दुखत व्हतं. म्हटलं, तिकडं जाऊन दुखू द्या, तेवढाच हवापालट.

तुमाला जायचं असंल तर सकाळची पहिली ST धरा. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळं गाडीत बाप्ये आमच्याकडं असं बघत्यात जसं काय आमी त्यांच्याच खिशातनं चाललोय. कापूरहोळला उतरून भोरची गाडी बघायची. तिथं एका ढाब्यावर "घरगुती चव" असा बोर्ड व्हता. मिसळ खाल्ली आन त्या घरातल्या माणसांची मला लई दया आली.

भोरवरनं महाडला वरंध घाटातनं जायाचं. पावसाळ्यात घाट बंद असतो, एरवीबी स्टँडवर इचारूनच निघा. खिडकीतला माणूस नीट सांगतो, फक्त त्याचा चहा झालेला पायजे.

घाट लागायच्या आधी धरणाचं पाणी दिसाया लागलं आन मोनाली म्हणली, "आज्जे, एक सांगू? ती पोलीस भरती न्हाई. समुद्राची भरती हाय."

"म्हंजे गं?"

"पाणी चढतं ना, ती. मी पाण्याखाली जायला शिकतीय. पाठीवर हवेची टाकी बांधून."

"वर हवा कमी पडली व्हय तुला?"

ती हसली न्हाई. खिडकीतनं पाण्याकडं बघत म्हणली, "गेल्या साली आपल्या धरणात बैल धुताना तो माणूस बुडाला ते आठवतंय? त्याची बायको दोन दिस काठावर बसून व्हती. तिसऱ्या दिवशी बाहेरनं माणसं आली तवा सापडला. आपल्याकडचं कुणी खाली उतरणारं नगं का?"

मग सगळं बाहेर आलं. धरणाचं पाणी गढूळ, खाली आपला हात आपल्याला दिसत न्हाई. रत्नागिरीच्या चौपाटीवरबी तसंच, म्हणून मुद्दाम तिथल्या मॅडमकडं ही शिकत व्हती, पुण्याला मैत्रिणीकडं जाते सांगून. लोक होडीतनं मधी जाऊन डुबकी मारत्यात, तिथं काठावरनं लाटा तुडवत आत शिरायचं. गेल्या म्हैन्यात दोनदा लाटेनं पाडलं आन ही घाबरून माघारी आली. आता शेवटची परीक्षा. झाली तर धरणात शोध घेणारी जी मंडळी हायत ती हिला संगं घेणार. न्हाई झाली तर घरी.

महाडला बाळूचा फोन. "आये, भरतीच्या मैदानाचा पत्ता लागला का?"

म्हटलं, "लई मोठं हाय रं. निम्मं पाण्यातच हाय." आन खरं काय ते सांगून टाकलं. बाळू आधी वरडला, माघारी या म्हणून. मग म्हणला, "एक डाव. जमलं तर जमलं. न्हाईतर समुद्राचं नाव घरात काढायचं न्हाई. पुढच्या म्हैन्यात पाव्हणं बघायला येत्यात." ठेवला फोन.

महाडपासनं पुढचा हायवे बनतोय. माझी नातवंडं लहान व्हती तवापासनं बनतोय. बनला की सांगा, पुन्हा एकदा जाऊ.

रातीला स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम. खोलीवर "समुद्र दिसतो" असं लिवलं व्हतं. दिसला, भिंतीवरच्या क्यालेंडरात. पण मासं मातर इमानदार. बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकर. भाकर आमच्यासारखीच, पण ह्यांचा तांदूळ जाडा. असो. आमचा इंद्रायणी कुठं आन हे कुठं, पण पाव्हण्याच्या गावात तोंड बंद ठेवावं म्हणून म्या एकदाच बोलून दाखवलं. दोनदा.

सकाळी चौपाटीवर. एका अंगाला उंट, एका अंगाला भेळ, मधी घोडा, आन उरलेल्या जागेत समुद्र. मॅडम आल्या. बारक्या अंगाच्या, पण आवाज असा की लाट जागच्या जागी थांबावी. त्यांनी मला समजावलं: भरती पुरी भरत आली की पाणी जरा थबकतं, तेवढ्यात आत जाऊन यायचं. ओहोटी लागली की पाणी उजवीकडच्या खडकावर वढतं. नाल्याच्या तोंडाशी जायचं न्हाई, तिथं पाण्याला आतनं धार असती. जायचं असंल त्यांनी हे पाठ करा आन माहितगार माणसाबिगर पाय घालू नका. समुद्र बघायला सोप्पा दिसतो, आमच्या व्याह्यासारखा.

परीक्षा अशी: मॅडमनी शिशाचं एक वजन तळाला टाकलेलं. दोरी धरून, चाचपत, ते शोधून आणायचं.

मोनालीनं काळा झगा घातला, अंगाला घट्ट, त्याच्याबद्दल म्या बाळूला काई बोलले न्हाई. पाठीवर टाकी, पायात बदकाचे पंजे. ते पंजे घालून सरळ चालता येत न्हाई, म्हणून समुद्राला पाठ करून उलटं जायाचं. चार पावलं गेली, पाय उचलला, लाट आली आन पोरगी टाकीसकट उताणी. उठली. परत गेली, परत आडवी. तोंडातली नळी काढून काठावर येऊन बसली. व्हट पांढरं पडलेलं.

"न्हाई जमत, आज्जे. चल घरी."

मॅडम घड्याळ बघत म्हणल्या, "दहा मिनिटं आहेत. पाय उचलू नकोस, घासत ने. किती वेळा सांगू?"

म्या तिचे पाय बघत व्हते. आन मला एकदम राग आला. म्हटलं, "अगं ये, उलटं चालायला तुला शिकवायला लागतं? लावणी कर की!"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. "आजी, लावणी? आत्ता?" भेळवालाबी वळला. त्याला वाटलं असंल, म्हातारी आता पदर खोचून नाचती.

"भाताची वो! आठव्या वर्षापासनं गुडघाभर चिखलात वाकून मागं मागं सरकती ही. रोप लावताना पाय उचलतीस का गं कधी? मागं वळून बघतीस का? बांध आपोआप येतो पाठीला."

मोनालीनं आपल्या पंजांकडं बघितलं. मग उठली. मास्क लावला, गुडघ्यात वाकली, आन सरकाया लागली. लाट आली, हिनं कंबर खाली घातली, लाट वरनं गेली. दुसरी आली. एक पाय मागं, दुसरा पाय मागं, अगदी चिखलात सरकावं तशी. मॅडम बाजूनं. छातीइतक्या पाण्यात वळल्या आन दोघीबी गायब.

वर नुसता नारंगी फुगा, झेंडा लावलेला. तो जाईल तिकडं ह्या खाली. अर्धा तास म्या त्या फुग्याकडं बघत व्हते. भेळवाला म्हणला, "आजी, बसा की." म्हटलं, "तू भेळ कर."

फुगा काठाकडं सरकाया लागला. आधी मॅडमचं डोकं, मग हिचं. एका हातात शिशाचा गोळा, लेकरू धरावं तसा छातीशी धरलेला. म्या पातळ वर धरून पाण्यात शिरले आन त्या गोळ्याचाच मुका घेतला. खारट.

मॅडमनी मलाबी मास्क लावून गुडघाभर पाण्यात तोंड घालायला लावलं. लोक ह्यासाठी लांबनं येत्यात म्हणं. काय दिसलं सांगू? गढूळ. आमच्या चिखलणीचं पाणी यापरास निवळ. पण म्या चारदा तोंड घातलं.

घरी आलो तर बाळू दारात. इचारलं काईच न्हाई. मोनालीनं मॅडमनी दिलेला पास झाल्याचा कागद दावला, त्यानं उलटासुलटा केला आन म्हणला, "खाली काय दिसतं?"

"काईच न्हाई, आप्पा. हातानं बघायचं."

बाळूनं कागद देवापाशी ठेवला. पाव्हण्यांचा इषय त्या दिवशी निघाला न्हाई.

आठ दिवसांत गावानं पोरीला काम दिलं. एकाची बादली हिरीत, एकाचा मोबाईल, एकाचा मोटरीचा वॉल. बाळू दारातनंच एकेकाला वाटंला लावतोय, "आमची पोरगी काय बादल्या काढाया शिकली व्हय? ती मोठ्या पाण्याची हाय!" ज्यानं तिला फोनवर माघारी बोलावलं व्हतं, तोच हा.

परवा पोलीस पाटील आले. चहा घेतला, वहीत मोनालीचं नाव, नंबर लिवून घेतला, कधी लागलं तर म्हणून. त्या दिसापासनं तिचा फोन वाजला की घरात सगळ्यांचं बोलणं थांबतं. लाटा खाऊन, नाकातोंडात खारं पाणी घेऊन पोरगी एवढी इद्या शिकून आली, आन म्या रोज सकाळी देवापुढं हात जोडून म्हणती, तिची इद्या कधी कामाला येऊ नगं.