पेंटरचे चार शब्द

बोर्ड रंगवणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार पेंटर म्हणायचा. त्याला एक खोड होती. गिऱ्हाईकाने आणलेला मजकूर तो कधी जसाच्या तसा रंगवत नसे. ‘एवढं पुराण कोण वाचणार?’ म्हणत त्याला कात्री लावायचा. ‘आमच्याकडे सर्व प्रकारच्या सायकली माफक दरात दुरुस्त करून मिळतील’ याचं त्याने ‘सायकल आजच नीट’ करून दिलं होतं. गिऱ्हाईक आधी कुरकुरायचं, मग खूश व्हायचं. आणि खरं सांगायचं तर पेंटर त्या कौतुकाचाच भुकेला होता.

चौकातलं जुनं गोदाम पाडून तिथे उंच इमारती होणार असं ठरलं, आणि पालिकेने अट घातली की पाचातलं एक घर गरिबांना कमी किमतीत द्यायचं. झालं, गावाचे दोन तट पडले. कुणी म्हणे, राबणाऱ्यांनी काय रस्त्यावर झोपायचं? कुणी म्हणे, आम्ही पूर्ण पैसे मोजायचे आणि शेजारी हे, हा कुठला न्याय? पेंटरचा जीव टांगणीला लागला. एकाच खोलीत तो, बायको, मुलगा आणि दिवस गेलेली सून, मधे पडदा. मुलाने सरळ सांगितलं होतं, “बाबा, बाळ येईपर्यंत घराचं जमलं नाही तर आम्ही हिच्या माहेरी जातो.” मुलगा घरजावई होणार, नातवंड परगावी वाढणार, हेच पेंटरच्या डोळ्यापुढे येई.

अशात औषधाच्या दुकानाचा मालक आला. जुनं गिऱ्हाईक. त्याला अटीविरुद्ध कापडी बोर्ड हवा होता, तोही हाताने रंगवलेला. छापील दिसला की लोकांना वाटतं, बिल्डरने पैसे दिलेत. मजकूर पानभर होता: आमचा गरिबांना विरोध नाही, परंतु... पेंटरने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही हा त्याचा नियम, आणि समोर एवढं पाल्हाळ! हात शिवशिवले.

“शेठ, यातलं अक्षरही रस्त्यावरून दिसणार नाही,” तो म्हणाला आणि खडूने फळीवर लिहिलं: अंथरूण पाहून घर मागा.

“वा पेंटर! तोड नाही!”

आणि पेंटर, मूर्खासारखा, सुखावला.

बोर्ड चौकात लागला आणि ते वाक्य वाऱ्यासारखं पसरलं. चहाच्या टपरीवर तेच, शाळेच्या भिंतीवर तेच. पेंटर वेगळ्या गल्लीने कामाला जाऊ लागला, तर तिथेही पोरं तेच ओरडत होती. बोर्डाने कुठे नियम बदलतो का, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. रात्री झोप मात्र लागायची नाही. बोर्ड आपण रंगवलाय हे त्याने घरी सांगितलं नव्हतं.

त्या अटीवर पालिकेने ठेवलेल्या सुनावणीला हॉल खचाखच भरला होता. पेंटरला मागे कशीबशी खुर्ची मिळाली. बायको पुढे बायकांत बसली. ती पाळणाघरात आया होती, दुकानदाराकडे सुटे मागायलाही लाजायची. तीच एकदम उठली.

“मी एवढंच सांगते. आम्हाला फुकट नको. हप्ते भरू. पण सून पोटुशी आहे, आमची माणसं इथेच राहू द्या...”

“अंथरूण पाहून घर मागा!” पुढून कुणीतरी ओरडलं. अर्धा हॉल हसत तेच म्हणू लागला. तिचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. ती मागे वळून बघत राहिली, मग खाली बसली.

उठावं, सांगावं की बाबांनो, कापडात बसावं म्हणून केलेलं वाक्य आहे ते, त्यात न्यायबिय काही नाही, असं पेंटरला फार वाटलं. पण औषधवाला दोनच खुर्च्या सोडून बसला होता. अध्यक्षांनी निकाल पुढच्या महिन्यात देऊ म्हणून सांगितलं आणि लोक उठले.

घरी जाताना पेंटरला राहवेना. “अगं, तो बोर्ड...”

“तुमचा आहे. पहिल्याच दिवशी ओळखला. तुमचं अक्षर मला कळत नाही होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? धंदा आहे तुमचा.” तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “पण ते सगळे ओरडायला लागले ना, तेव्हा मी तुम्हालाच शोधत होते. वाटलं, आता तरी तुम्ही उठाल.”