मॉडेलकाकांची कोठी

मॉडेलकाकांना कुणी साधं "कसे आहात?" विचारलं तरी ते उलट विचारायचे, "कोणत्या परिस्थितीत?" हिंदी मुलखातल्या बरखेड्याच्या कारखान्याच्या कॉलनीत ते आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. कारखान्याच्या संगणक विभागात साहेब होते, आणि संगणक तेव्हा इतका दुर्मीळ, की त्यातून निघालेला मूर्खपणाही लोक चपला काढून ऐकत.

कॉलनीच्या भांडारात गहू कधी उरायचा, कधी कमी पडायचा. काकांनी त्यावर मॉडेल केलं. माल कधी येणार, किती खपणार, ट्रक अडकला तर काय, हे सगळं यंत्रात घालून येणारं वर्ष पुन्हा पुन्हा चालवून बघायचं. "वहिनी, मी पुढचा पावसाळा आत्ताच बघून आलोय," सहलीहून परतल्यासारखं ते आईला म्हणाले. "यंदा वर्षाचा गहू भरू नका. भांडार दर आठवड्याला देईल."

उन्हाळ्यात शरबती गहू घ्यायचा, उन्हं दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरायचा, ही तिथली घरोघरची रीत. एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हणून त्या वर्षी आईनं कोठी रिकामी ठेवली. बहुतेक कॉलनीनं ठेवली.

श्रावणात भांडारातला गहू संपला. पुढचा ट्रक आला, तोही दुपारपर्यंत संपला. "साहब, अपनी मशीन से पूछिए, बच्चों को क्या खिलाएँ?" रांगेतली एक बाई म्हणाली. काका म्हणाले, "मॉडल सही है. आप लोग ज़्यादा खा रहे हैं." हे वाक्य मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

आज मीही धान्यपुरवठ्याची मॉडेलं करते, म्हणून सांगते, चूक शेंबड्या पोरालाही कळावी अशी होती. पावसाळ्यात भांडारातून गहू किती जातो, हे त्यांनी मागच्या वर्षांवरून घेतलं. मागची सगळी वर्षं लोक पावसाळ्यात घरच्या कोठीतला गहू खात होते! काकांनी लोकांच्या कोठ्या रिकाम्या ठेवायला लावल्या, मॉडेलात मात्र त्या भरलेल्याच राहिल्या.

माझा धाकटा भाऊ तेव्हा काविळीतून उठत होता. त्याला फुलका हवा, आणि घरात पिठाची चिमूट नाही. आई वाटी घेऊन समोर गेली, मी तिच्या मागे. काकूंनी पीठ दिलं, पण कोपऱ्यातली कोठी काही पदराआड लपेना. गळ्यापर्यंत भरलेली, वर कडुनिंबाचा पाला. "ह्यांनीच भरायला सांगितली," काकू मान खाली घालून म्हणाल्या. "म्हणाले, कॉलनीचं वेगळं, घरचं वेगळं."

पुढच्या वर्षी काकांची बदली झाली. अख्ख्या कॉलनीत निरोपाला फक्त आई गेली, प्रवासासाठी पोळ्यांचा भलामोठा डबा घेऊन. काकांनी झाकण उघडून बघितलं. "वहिनी, इतक्या? आम्हाला एवढ्या लागणार नाहीत."

"असू द्या," आई म्हणाली. "तुमचा अंदाज आम्ही बघितलाय."