बाभळीचा पिवळा डबा

अमरावतीच्या मच्छी बाजारात माझी बसायची जागा नळाजवळ आहे. नळाजवळ म्हणून हेवा करू नका, त्या नळाला पाणी आलं तर आलं. मासळीवर पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर ऊन चढेपर्यंत कल्ले काळे पडतात. मग गिऱ्हाईक बोटानं कल्ला उचलून बघतं, नाक मुरडतं आणि पुढे चालू लागतं. म्हणून पाणी आलं की आधी डबा भरून ठेवायचा. आता माझ्याकडे पांढरा डबा आहे. पाच वर्षांपूर्वी पिवळा होता. त्या पिवळ्या डब्यापायी माझ्या संसाराचं वाटोळं झालं, आणि डब्याला कशाला बोल लावू, केलं मीच.

बाहेरून बदलून आलेले नोकरदार विचारतात, "बाई, तुमच्याकडे समुद्र नाही, मग एवढे मासे येतात कुठून?" अहो, धरणातून. आम्ही भोई, मासे धरणारे. माझ्या सासरचं जुनं गाव धरणात गेलं, घरं, शेतं, विहिरी सगळं पाण्याखाली, आणि वर काठावर नवं गाव बसलं. खाली बाभळी मात्र तशाच उभ्या राहिल्या. वाळल्या, पण सडल्या नाहीत. जाळं त्यांच्या काट्यांत अडकलं की ते निघत नाही, आणि काढायला माणूस खाली गेला तर तोही निघेल याची खात्री नाही.

म्हणून आमच्या लोकांची एक रीत आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं, बाभळींचे शेंडे दिसायला लागले, की पुरुष माणसं ट्यूबवर बसून जातात. ट्रकच्या चाकातली ट्यूब हवा भरून, वर फळी बांधून घेतली की तीच आमची नाव. एकेका बाभळीला लांब दोरी बांधायची आणि दोरीच्या वरच्या टोकाला तेलाचा रिकामा डबा. धरण भरलं की बाभूळ बुडते, डबा तरंगतो. जिथे डबा तिथे जाळं टाकायचं नाही. आणि डबा कोणाचाही असो, त्याला हात लावायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चूल दाखवायच्या आधी मला हे सांगितलं होतं.

त्या वर्षी वैशाखात मी काठावर काटक्या गोळा करायला गेले. पाणी पार आत गेलेलं, गाळाला भेगा. तिथे एक पिवळा डबा आडवा पडला होता, झाकणासकट, चांगला धड. त्याची दोरी गाळात शिरलेली. ओढून पाहिली, येईना. पाणी उतरलं की दोरी ढिली पडते आणि वाऱ्यानं डबा काठाला लागतो, एवढं मला कळायला नको? भोयाची सून ना मी! पण मला वाटलं, कुठल्या तरी जाळ्याचा तुटून वाहत आला असेल. बाजारात पाण्याला डबा हवाच होता. हातात विळा होता. कचकन दोरी कापली, डबा मोळीवर ठेवला आणि घरी आले. खूश होते, काय सांगू.

हे रात्रभर पाण्यावर होते, डबा मोळीसोबत परसात पडून राहिला. दुसऱ्या दिवशी तो बाजारात नेला आणि तिथेच ठेवला. माझे पती बाजारात कधी यायचे नाहीत. विकणं बाईचं काम, पाणी पुरुषाचं, असं आमच्यात असतं. त्यामुळे ह्यांनी तो डबा पाहिलाच नाही.

पोळा झाला. धरण काठोकाठ भरलं. श्रावणभर न खाणारी माणसं बाजारात परत आली, मासळी पुरेना. हे आणि ह्यांचा जोडीदार, शेजारच्याच घरचा, दोघं दोन ट्यूबांवर जायचे. एका संध्याकाळी काठावर दोघांची जागेवरून जुंपली. मी तिथेच टोपल्या धूत होते.

जोडीदार म्हणाला, "तिकडे बाभूळ हाय. जाळं टाकू नको."

"असती तर डबा दिसला असता ना बे! माह्या हातानं बांधला मी. तुले ते जागा पायजे म्हणून मले हुसकून राहिला."

जोडीदारानं हात झटकले. "कर बाप्पा तुह्या मनानं."

ह्यांनी जाळं तिथेच टाकलं. मी टोपली धूत राहिले. पिवळा डबा माझ्या डोक्यातही आला नाही, एवढंच खरं.

सकाळी मी मासळी न्यायला काठावर उभी होते. जाळं येत नव्हतं. ह्यांनी दोनदा ओढलं, ट्यूब तिरपी झाली. मग अंगातला सदरा काढून ट्यूबवर ठेवला आणि पाण्यात उतरले. असं पूर्वीही केलेलं, मला काही वाटलं नाही. मग वाटलं. मग मी ओरडायला लागले. जोडीदारानं लांबून उडी मारली, तीनदा खाली गेला, आणि तिसऱ्यांदा ह्यांना घेऊन वर आला. पायाला जाळं गुंडाळलेलं होतं. जाळ्यात दोन कतला मासे अजून फडफडत होते.

काठावर माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "इथं तर डबा होता. कोनं सोडला?" तेव्हा मला कळलं. त्या क्षणी, ह्यांचं डोकं मांडीवर असताना. मी रडत होते म्हणून माझ्या तोंडाकडे कोणी नीट पाहिलं नाही.

तेरावं झाल्यावर बाजारात गेले. डबा नळापाशी होता. त्याच्या गळ्याला दोरीचा तुकडा होता, दोन वेढ्यांची गाठ, टोक बिडीनं जाळलेलं. ह्यांचीच गाठ. चार महिने त्या गाठीला धरून मी पाणी मारत होते आणि एकदाही पाहिली नव्हती. कोयत्यानं डब्याचे तुकडे केले आणि खवल्यांच्या ढिगात टाकले.

सासूबाईंनी मात्र हिशोब लावला तो वेगळा. बाभूळ तिथे आहे हे जोडीदाराला ठाऊक होतं, जागेवरून भांडण त्याचं झालं होतं, म्हणजे डबा त्यानंच सोडला. दारात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं त्या म्हणायच्या, "ज्यानं माह्या लेकाचा डबा सोडला त्याचे हात झडो!" लोकांना पटलं. त्याच्याबरोबर कोणी पाण्यात जाईना, कोणी त्याला जागा सोडेना.

एक दिवस तो माझ्याकडे आला. खाली मान घालून बसला. सासूबाईंना आम्ही सगळेच आत्या म्हणायचो. "वयनी, तुमी तरी आत्याले सांगा. मी कायले सोडू डबा? याच हातानं काढलं मी त्याले."

मी म्हणाले, "मले काय मालूम."

तीन शब्द. सासूबाई हाकलून देतील ही भीती होती. माहेरी कोणी उरलेलं नाही, मूलबाळ नाही, त्या म्हातारीशिवाय मला कोण होतं? पण हे सगळं मी आता सांगते आहे. तेव्हा फक्त तोंडातून ते निघून गेलं. महिन्याभरात तो बायकोला घेऊन अकोल्याला गेला, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घराला कुलूप लागलं.

सासूबाईंची नजर हळूहळू गेली. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. पण मासळीशिवाय जेवण नाही! मी बाजारातून रोहूचा पोटाकडचा तुकडा बाजूला ठेवते, येऊन रस्सा करते, काटे काढते आणि घास भरवते. खाता खाता त्या म्हणतात, "तुह्या हाताले चव हाय, पोरी." आणि दोन घासांनी, "ज्यानं डबा सोडला त्याचे हात झडो." पाच वर्षं हे एकाच ताटावर ऐकलं. मी म्हणायची, "हो आत्याबाई, खा."

मागच्या आठवड्यात जोडीदाराची बायको बाजारात आली. मासे घ्यायला आली नव्हती. नुसती माझ्यासमोर बसली. नवऱ्याचा उजवा हात मशीनमध्ये गेला, म्हणाली. मनगटापासून. "आत्याले सांगजा, त्यायचा शाप लागला. आता तरी नाव घेऊ नका म्हना." रडली नाही. पदर खोचून उठली आणि बस स्टँडकडे गेली. त्या दिवशी मी पाणी मारलंच नाही, माझी अर्धी मासळी ऊन लागून गेली.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. काटे काढत होते तेव्हाच सांगितलं. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "देवानं आयकलं वं माय! लागला माहा शाप!" आणि हसल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा पोटातून हसल्या.

माझ्या हातात घास होता. तो मी ताटात ठेवला.

"आत्याबाई, डबा म्या कापला. विळ्यानं. मले वाटलं, कोनाचा तुटून आला. बाजारात नेला पानी भरासाठी."

त्यांनी कपाळावरचे हात खाली घेतले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "त्याले सांगतलं का?"

"नाई."

"मंग मले कायले सांगतं? अकोल्याले जाय."

मग हात पुढे करून ताट चाचपडलं आणि आपल्याकडे ओढलं. मी घास उचलायला गेले तर म्हणाल्या, "सरक. माहे काटे मीच काढीन." दिसत काही नाही, तरी बोटांनी मासा चिवडत एकेक काटा ताटाच्या कडेला लावत होत्या. एक घशात अडकलाच. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं, मी पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. जमिनीवर हात फिरवून तांब्या शोधला.

त्या दिवसापासून शाप बंद आहे. आळीत त्या कोणाला काही बोललेल्या नाहीत. मी रोज बाजाराला जाते, रोज तुकडा आणते. आज बाजार मोठा आहे, आज मासळी जास्त निघाली, असं काहीतरी स्वतःला सांगते. जेवायला बसलं की त्या विचारतात, "जाऊन आली का?"

मी नाही म्हणते. मग त्या ताट ओढून घेतात.