भंतेंच्या पात्रातलं भरीत

बँकॉकच्या विमानतळावर पार्वताअक्काच्या पिशवीतून वांगी निघाली. भरताची, हिरवीगार, पांढऱ्या रेघांची. निघायच्या आदल्या दिवशी गिरणाकाठच्या मळ्यातून तोडलेली. हातमोजे घातलेल्या मुलीने ती एकेक करून बाजूच्या डब्यात टाकली. अक्का तिला अहिराणीत समजावत होती.

“पोरी, हाऊ काय बाँब नही शे. वांगं शे. मना पोऱ्याले लई आवडस.”

“अक्का, चला हो,” आमच्या यात्रेचे प्रमुख प्रेमराजभाऊ म्हणाले. “वांग्यापायी अटक झाली, तर भडगावात काय तोंड दाखवू?”

कळण्याचं पीठ मात्र सुटलं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून घरूनच बांधून आणलेलं, आणि त्याच्याबरोबर शेंगदाण्यांची पुरचुंडी. अक्काने दोन्ही पदराखाली धरलं ते चियांग माय येईपर्यंत सोडलं नाही.

आम्ही जळगाव-भडगावकडच्या उपासिका धम्मयात्रेला निघालो होतो. मला विहारं बघायची होती, वंदना करायची होती. अक्काला फक्त जीवनला जेवू घालायचं होतं.

जीवन तिचा एकुलता एक. नवरा गेला तेव्हा पोरगा शाळेत होता. अक्काने दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला. हिवाळ्यात शेता-मळ्यात भरीत पार्ट्या व्हायच्या, तिथे भरीत करायला तिलाच बोलवायचे. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायची, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचायची, आणि घरी येताना जीवनसाठी डबा भरून आणायची. तो दारातच बसून खायचा. पुढे तो दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला गेला. परत आला, पण बोलणं कमी झालं. मग बुद्धगया, आणि तिथून भिक्खू होऊन थायलंड. अक्काने अडवलं नाही. बुद्धाच्या वाटेवर गेलेल्याला कोणी अडवायचं, असं ती चारचौघांत म्हणायची. मला एकदा म्हणाली, “सविता, आठे व्हता तव्हय तो ताट पुसी खाये. तठे त्याले कोन वाढत व्हई?”

जीवनचं विहार चियांग मायच्याही पुढे, डोंगरात होतं. गाडी वळण घेते न घेते तोच दुसरं वळण. सागाची झाडं, मधेच उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भाताची खाचरं, रस्त्याकडेला बांबूच्या नळ्यांत शिजवलेला चिकट भात विकणाऱ्या बाया. आमच्यातल्या निम्म्या जणी ओकून बेजार झाल्या. अक्का मात्र ताठ बसलेली. एका टपरीवर घरच्यासारखं, तव्याएवढं दगडी जातं दिसलं, तेवढ्यालाच ती हसली.

पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जीवन ओट्यावर बसला होता, काषाय चीवरात. अक्काने तीनदा वाकून वंदन केलं, पोटच्या पोराला. मग उठून सरळ म्हणाली, “रोड व्हई गया तू. चूल कथी शे? मी भाकर टाकस.”

“आई, आता नाही,” तो म्हणाला. आवाज तोच होता, जरा मऊ झालेला. “दुपार टळली की आम्ही जेवत नाही.”

मला हे माहीत होतं. घरी पौर्णिमेच्या उपोसथाला मीही हे पाळते. पण गाडीच्या त्या वळणांत मला आठवण राहिली नाही, आणि अक्काला तर भूक लागली की जेवायचं एवढंच माहीत.

“मंग ठेवी दे. सकाळले खाय.”

“ठेवताही येत नाही, आई. सकाळी भिक्षेला येईन, तेव्हा वाढ.”

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच परत निघणार होतो. म्हणजे तेवढी एकच वेळ.

मुक्काम विहाराजवळ एका म्हातारीच्या लाकडी घरात होता. पहाटे आम्हाला जाग आली ती वासाने. म्हातारी निखाऱ्यावर लांब हिरवी वांगी, हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजत होती. सालं काढून तिने सगळं दगडी उखळात घातलं आणि ठेचायला लागली.

“ओ माय!” अक्का उठून बसली. “आठे बी भरीत शे!”

प्रेमराजभाऊंनी मोबाईल म्हातारीच्या तोंडापुढे धरला, आणि मोबाईलने सांगितलेलं आम्हाला ऐकवलं. “म्हणते, भारतातून आलेल्या भंतेंना हे आवडतं. म्हणून रोज करते.”

“रोज?” अक्काने विचारलं.

“रोज.”

अक्काने उखळाकडे बघितलं. मग पदर खोचला आणि चुलीपुढे जाऊन बसली. “सरक बाई. शेंगदाना बिगर भरीत कसं व्हई?”

म्हातारी हसत सरकली. तिने माशाच्या पाण्याची बाटली पुढे केली, अक्काने नाक मुरडून मागे सारली. तवा नव्हता, म्हणून लोखंडी कढई पालथी घालून कळण्याच्या भाकरी भाजल्या. पहिला भाकरीचा तुकडा आणि त्यावर भरताचा गोळा अक्काने केळीच्या पानावर म्हातारीला दिला. तिने तो चाखला नाही. आधी भंते, असं खुणेने सांगून पान बाजूला झाकून ठेवलं.

धुक्यात भिक्खू आले, अनवाणी, एकामागे एक. पुढे वृद्ध भंते, सगळ्यांत शेवटी जीवन. अक्काने पहिल्या पात्रात भाकर आणि वर भलामोठा गोळा ठेवला. दुसऱ्यातही तसाच.

“अक्का, थोडं थोडं,” मी हळूच म्हणाले.

“दारशी येल मानूसले चिमूटभर वाढू का?”

तिसऱ्या पात्रातही हात आखडला नाही. तिच्या हाताला कमी वाढणं ठाऊकच नाही. जीवन समोर येऊन उभा राहिला, पात्राचं झाकण उघडलं, तेव्हा अक्काच्या भांड्यात काही उरलं नव्हतं.

अक्काने बोटांनी तळ खरवडला. नुसती मिरचीची साल आली. जीवनची नजर खाली होती. तो पुढे गेला नाही. रिकाम्या भांड्यापुढे भिक्खू थांबत नाहीत. तो थांबला.

शेजारी म्हातारी उभी होती. तिने आपलं केळीचं पान उघडलं आणि जसंच्या तसं अक्काच्या ओंजळीत दिलं. अक्काने ते पात्रात ठेवलं. तिच्या आणि त्याच्या बोटांत वीतभर अंतर होतं. ती मागे सरकली, हात जोडले.

नंतर सभागृहात आम्ही लांबून पाहिलं. जीवनने पात्रातलं बाकी सगळं सोडून आधी भाकरीचा तुकडा मोडला. मान वर केली नाही. पात्र मात्र शेवटी बोटाने पुसलं. अक्काने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

निघताना उरलेलं पीठ आणि शेंगदाणे तिने म्हातारीच्या हवाली केले. शेंगदाणे कसे, केव्हा टाकायचे ते उखळापाशी दोनदा करून दाखवलं.

आता या हिवाळ्यात अक्का पुन्हा भरीत करायला जाते. परवा भडगावला मला भेटली. वांगी भाजत होती. धुराने डोळे पुसत म्हणाली, “सविता, मनं पीठ तं कव्हयच खपी गयं व्हई. पन शेंगदाना तठे भेटतस. म्हातारी टाकत व्हई ना?”

“टाकत असेल, अक्का.”

“टाकत व्हई,” ती म्हणाली, आणि वांगं उलटं केलं.