ढोरांच्या डाक्टरचा खोकला

विलायतेहून आलेला माणूस म्हणल्यावर तुम्ही हॅट-बूट शोधायलात. न्हाई सापडायचे. आमचे ढोरांचे डाक्टर वर्षभर तिकडं शिकून धोतरातच परतले, आणि घरी जायच्या आधी मंठाळ गावात आंधळ्या अप्पांकडं गेले. जुनी दोस्ती. दारात दोनदा खोकायचं, मग 'अप्पा, च्या ठिव' म्हणायचं, ही डाक्टरांची रीत.

डाक्टर तिकडं असताना त्यांच्या खोकल्याचं सोंग मी अप्पांच्या दारात केलतं. अप्पा धडपडत आले. माझे हात चाचपले, डाक्टर न्हाई, मी हाय हे ओळखलं. तरी म्हणले, "अजून एकदा खोक की, बाबा." मी लाजून पळालो.

अप्पांनी हे डाक्टरांना सांगितलं. डाक्टरांनी मला बोलावून घेतलं. मी सोंगाची माफी मागायलो, तर ते चिडले.

"सोंगाचं राहू दे. म्हातारा खोक म्हणला, तर पळालास कामून?"