देवरे सरांचा प्रयुज्य

देवरे सरांच्या तोंडून 'शाब्बास' हा शब्द कुणी ऐकला असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याला घरी जेवायला बोलावते. सुरतेत बमरोलीच्या आमच्या मराठी शाळेत मी सरांच्या शेजारच्या वर्गावर शिकवते आणि राहतेही त्यांच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये. मधली भिंत बिल्डरने बांधली की नुसती रंगवली, देव जाणे. तेव्हा सरांचं बोलणं मला सकाळी वर्गातून आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातून, असं दोन्ही वेळा फुकट ऐकू येतं.

सर भूमिती शिकवतात. पोराने पैकीच्या पैकी मार्क मिळवले तर म्हणतात, "अक्षर सुधार." अक्षरही चांगलं निघालं तर म्हणतात, "समास जास्त सोडलास." शाळेच्या मागे यंत्रमागांचा कारखाना आहे, त्याची खडखड दिवसभर चालू. त्यामुळे आम्ही सगळेच ओरडून शिकवतो. पण सर ओरडले की पलीकडचे कारागीर दचकून हात चालवायला लागतात, त्यांना वाटतं शेठ आला.

दोष एकट्या सरांचा नाही. त्यांचे वडील बन्सीलालआप्पा शिरपूरकडून सुरतेला आले आणि पांडेसऱ्यात मागावर लागले. येताना बहुधा ट्रंकेत जागा कमी पडली आणि कौतुक ही वस्तू गावीच राहून गेली. मुलाला शिक्षकाची नोकरी लागली, मुलगा पेढे घेऊन धावत घरात आला, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "चप्पल भायेर काढ." ही गोष्ट सर अजून सांगतात, आणि हसत सांगतात. सुंदरावहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, एवढा संसार केला, त्यात त्यांच्या वाट्याला आलेली सर्वात मोठी पावती म्हणजे, "आज मीठ बरोबर आहे."

राहिला पराग, सरांचा एकुलता एक मुलगा. त्याने इंजिनिअरिंग मध्येच सोडलं आणि तो साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायला लागला. बाजारात या कामाला पंचिंग म्हणतात. देवरे सर त्याला 'साडीवर किडे पाडणं' म्हणतात. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं गिझर बंद कर आणि दाराला कडी लाव एवढ्यावर आलं होतं. पराग मुद्दाम उशिरा यायचा, आईने झाकून ठेवलेलं ताट एकटा जेवायचा. आणि यंदा त्याने आईला सांगून टाकलं की दिवाळीनंतर लाभपाचमीला मार्केट उघडलं की तो कडोदऱ्याला राहायला जाणार. तिथल्या भरतकामाच्या युनिटमध्ये काम आहे आणि वर खोलीही आहे. कामासाठी जायला सुंदरावहिनींची हरकत नव्हती. पण पोरगं कामासाठी चाललेलं नाही, घरातून चाललंय, हे त्यांना कळत होतं. बाप एक बरा शब्द बोलला असता तर राहिला असता, असं त्या मला गॅलरीत कपडे वाळत घालताना सांगायच्या आणि पुढे बराच वेळ एकाच शर्टाला चिमटे लावत बसायच्या.

अशा माणसाला आमच्या ट्रस्टने ट्रेनिंगला पाठवलं. नाव होतं 'शालेय मानसशास्त्र : अध्ययनाच्या उपपत्ती कृतीतून'. नवरात्रापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दर शनिवारी शाळा सुटल्यावर, म्हणजे माणसाची काहीही शिकायची इच्छा साफ मेलेली असते त्या वेळेला. नको नको म्हणत आम्ही सगळेच गेलो.

शिकवायला उज्ज्वला मॅडम होत्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, उत्साहाने अख्ख्या बालवाडीएवढ्या. आल्या आल्या त्यांनी आम्हाला टाळ्यांचे प्रकार शिकवले. पावसाची टाळी, फटाक्याची टाळी, ढोकळ्याची टाळी. पन्नाशी ओलांडलेले देवरे सर ढोकळ्याची टाळी वाजवताना मी पाहिले आहेत, तेव्हा आता जगात बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

मग उपपत्ती सुरू झाल्या. कुणा परदेशी शास्त्रज्ञाने घंटा वाजवून कुत्र्याला खायला दिलं, पुढे पुढे नुसत्या घंटेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. हे कृतीतून शिकायचं म्हणून मॅडमनी आमच्या भिकन सरांना पुढे बसवलं आणि घंटा वाजवून बिस्किटं दाखवली. भिकन सरांना डायबेटिस आहे. घरात बिस्किटाला बंदी. त्यांच्या तोंडाला घंटेआधीच पाणी सुटलं आणि प्रयोग फसला, तरी आम्ही पावसाची टाळी दिली.

नंतर आलं प्रबलन. समोरच्याने हवं ते वर्तन केलं की लगेच शाबासकी द्यायची, मग ते वर्तन वाढतं. शाबासकी बंद केली की हळूहळू थांबतं, त्याला म्हणायचं विलोपन. आणि ज्या गरिबावर हा प्रयोग करायचा त्याला म्हणायचं प्रयुज्य. प्रत्येकाने घरातला एक प्रयुज्य निवडायचा, त्याचं एक वर्तन निवडायचं, आणि शेवटच्या शनिवारी त्याला आणून सगळ्यांसमोर करून दाखवायचं. न जमल्यास पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा अख्खं ट्रेनिंग, ढोकळ्यासकट.

मी नवरा निवडला. वर्तन : ओला टॉवेल पलंगावर न टाकणं. नियमाप्रमाणे टॉवेल दोरीवर गेला की मी त्याला चॉकलेट द्यायची. आता तो आंघोळ करून टॉवेल दोरीवर टाकतो आणि तिथेच हात पुढे करून उभा राहतो. उपपत्ती खरी आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

देवरे सरांनी पराग निवडला. वर्तन कोणतं, ते त्यांनी मॅडमना अगदी हळू आवाजात सांगितलं, म्हणजे आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. "घरच्यांबरोबर बसून जेवणं," ते म्हणाले आणि उगाच खिडकीबाहेर बघायला लागले. खरं सांगते, तेव्हा मला त्या माणसाची दया आली.

पण शब्द तोंडात बसायला हवा ना. सवय व्हावी म्हणून सरांनी तो आधी सुंदरावहिनींवर वापरून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने माझ्या दारात उभ्या, यांना काय झालं असेल म्हणून विचारत. "स्वातीबाई, यास्ले काय जायं व्हई? भाकर वाढी तं माले 'शाब्बास' म्हणनात! माले तं भ्याव वाटस." त्यांनी शिरपूरला दिराला फोनही करून ठेवला होता, यांचं बीपी तपासून घ्यावं का म्हणून. मी त्यांना ट्रेनिंगचं सांगितलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. नवरा मनापासून कौतुक करत नाहीये हे कळल्यावर सुटकेचा निःश्वास टाकणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

परागला मात्र कुणी काही सांगितलं नाही. वहिनींना वाटलं सर सांगतील, मला वाटलं वहिनी सांगतील, आणि सरांना सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नसावं. एका संध्याकाळी तो चुकून लवकर आला, भुकेला होता, ताटावर बसला. भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला, हजेरी घेतात तसा : "शाब्बास, पराग."  काय झालं, असं परागने दचकून गुजरातीतच विचारलं, "शुं थयुं, पप्पा?"

पण पोर शेवटी पोर असतं, मिशा फुटल्या तरी. तो दुसऱ्या दिवशीही लवकर आला, मग रोजच यायला लागला. 'शाब्बास' आलं की त्यावर तो काही बोलायचा नाही, पण वाढीव भाकरी मागायचा. वहिनींनी मला सांगितलं की कडोदऱ्याला न्यायची बॅग त्याने पलंगाखाली ढकलून दिलीय. मग सरांनी त्याला म्हटलं, "शनिवारी ट्रेनिंगला ये. तुझं साडीचं काम घेऊन ये. सगळ्यांना दाखवायचंय." त्या शनिवारी पराग इस्त्रीचा शर्ट घालून आला. हातात त्याने डिझाइन केलेली साडी होती, पिशवीत नीट घडी घालून. मला नमस्कार करून म्हणाला, "स्वातीकाकी, पप्पांनी स्वतः बोलावलं." त्याला बाजूला घेऊन खरं सांगावं म्हणून मी उठले, पण मॅडमनी तेवढ्यात नाव पुकारलं.

"देवरे सर, तुमचा प्रयुज्य आणलात?"

सर उभे राहिले. "हा माझा प्रयुज्य. पराग." आणि त्यांनी भूमितीतलं प्रमेय मांडावं तसं सगळं मांडलं. वर्तन हे, शाबासकी ही, आधी येत नव्हता, आता येतो. पराग हसऱ्या चेहऱ्याने ऐकायला उभा राहिला होता. तो चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू निघून गेलं.

मॅडम खूश. "किती छान! आता करून दाखवूया. जेवण इथे कुठून आणणार, तेव्हा पराग, तू जे आणलंस ते दाखव. सर, प्रबलन द्या." परागने साडी उलगडून धरली. सर म्हणाले, "शाब्बास, पराग." सभागृहात फटाक्याची टाळी झाली.

"आता विलोपन," मॅडम म्हणाल्या. "पराग पुन्हा दाखवेल. सर काहीही बोलणार नाहीत. बाकीच्यांनी निरीक्षण करायचं."

परागने पुन्हा साडी धरली. सर गप्प. आम्ही सगळे माना वाकड्या करून निरीक्षण करत बसलो, आम्हाला दुसरं काय येतं. मग पराग म्हणाला, अगदी शांतपणे आणि आदराने, "मॅडम, हे पप्पांना शिकवू नका. याची त्यांची प्रॅक्टिस मी बालवाडीत होतो तेव्हापासूनची आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि एकटंच पडलं. पराग साडीची घडी घालायला लागला. मला तिथल्या तिथे उठून जावंसं वाटत होतं. सरांनी तेवढ्यात साडीचं एक टोक धरलं. मला वाटलं, आता माफी मागतील, नाहीतर पोराला जवळ घेतील. देवरे सरांकडून एवढी मोठी अपेक्षा करायला मी काही मूर्ख नाही, पण वाटलं.

सरांनी पदर नाकाजवळ नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हा बुट्टा तिरका आहे."

"कुठे?" परागने झटक्यात विचारलं.

"इथे. मध्यरेषा कुठून घेतलीस?"

"रेषा नाही काढली. नजरेनं केलं."

"नजरेनं! सातवीतलं पोरगं आधी अक्ष काढतं." सरांनी खिशातला खडू काढला, पदर टेबलावर पसरला आणि बुट्ट्याच्या मधोमध रेषा ओढून घडी घातली. डाव्या बाजूचं पान उजव्या पानावर बसेना, सुताएवढं बाहेर राहत होतं. पराग वाकून बघायला लागला. "सर, विलोपन चालू आहे, बोलायचं नाही!" मॅडमनी आठवण करून दिली. "मॅडम, तुम्ही दोन मिनिटं गप्प बसा," सर म्हणाले. ट्रेनिंगमध्ये इतकं स्पष्ट मराठी त्या दिवसापर्यंत कुणी बोललं नव्हतं.

"काठ कुणी केला?" सरांनी विचारलं.

"मीच."

"काठ सरळ आहे. मग पदरावर काय झोप लागली होती?"

आणि पराग हसला. मघाचं गेलेलं हसू नव्हे, दुसरंच, मोठ्याने. मला आधी काही कळेना. ज्या पोराला इतके दिवस शाब्बास मिळालं त्याचा चेहरा मघाशी उतरला होता, आणि सगळ्यांदेखत चूक काढल्यावर तो हसतोय. मग लक्षात आलं की शाब्बास न बघताही म्हणता येतं, चूक काढायची तर बघावंच लागतं. आणि या माणसाने पोराच्या कामाकडे आज पहिल्यांदा, चष्मा कपाळावर चढवून, बघितलं होतं. दोघं टेबलावर डोकी जुळवून उभे होते आणि पुढच्या प्रयुज्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, टॉवेल घेऊन ताटकळत बसावं लागलं.

मला प्रमाणपत्र मिळालं. देवरे सरांना मिळालं नाही. मॅडमनी शेरा दिला : सकारात्मक भाषेचा अभाव, पुन्हा प्रशिक्षण आवश्यक.

लाभपाचमीला मार्केट उघडलं. पराग कडोदऱ्याला जातो, पण मित्राच्या मोटरसायकलवर, आणि जेवायच्या वेळेला परत येतो. आता भिंतीपलीकडे रोज भांडण असतं. "कोन मोजलास का?" "पप्पा, मशीनला कोन कळत नाही, टाका कळतो!" सुंदरावहिनी गॅलरीत येऊन तक्रार करतात की घरात शांतता म्हणून राहिली नाही, आणि तक्रार करताना त्यांचा चेहरा नवी साडी नेसल्यासारखा असतो.

परवा पराग जिन्यात भेटला. हातात तोच बुट्टा, दुरुस्त करून नव्या कापडावर भरलेला.

"पप्पांना दाखवलास?" मी विचारलं.

"दाखवला, काकी. घडी घालून बघितली, उलटा करून बघितला, खिडकीशी नेऊन बघितला. चूक खूप शोधली."

"मग? काय म्हणाले?"

"काहीच नाही," पराग म्हणाला, आणि एकेक पायरी सोडून उड्या मारत खाली गेला.