उस्तादचं अक्षर

वाईट अक्षराची पाटी दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. ओमानमधल्या रुवीत असं चालणं म्हणजे जिवाशी खेळ, पण त्याला त्याचं काही नव्हतं. "डोळे दुखतात," म्हणायचा. मी मागून टॅक्सीवाल्यांच्या शिव्या खात जायचो.

आम्ही एकाच दुकानात होतो. मी गुहागरकडचा, फ्लेक्स छापायच्या मशीनवर. तो आफ्रिकेतल्या एका अरबी बोलणाऱ्या देशातला, ब्रशने पाट्या रंगवणारा. देशाचं नाव लिहीत नाही, त्याची बहीण अजून तिथे आहे. सगळे त्याला उस्ताद म्हणत आणि तोही ते हक्काने ऐकून घेई. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की माझ्याकडे बोट दाखवायचा. "स्वस्तात वाईट हवंय? यल्ला, मशीनकडे जा." माझ्या मशीनची अशी अब्रू काढून वर मलाच चहा पाजायचा.

तुम्ही कधी रुवीत राहिला असाल तर त्याचं अक्षर तुमच्या डोळ्यांखालून गेलंय. कोपऱ्यावरच्या चहावाल्याची पाटी त्याचीच. अरबी न येणारा माणूसही तिच्यासमोर थबकायचा.

मग त्याच्या देशात लोक रस्त्यावर उतरले. लष्कराने सरकार गिळलं होतं, भाकरीला रांगा लागल्या होत्या आणि जनरलसाहेब टीव्हीवर सांगत होते, धीर धरा, मी बराकीत परत जाणार. उस्तादने जेवणाच्या सुट्टीत एक चित्र काढलं. जनरल अख्खी बराक पाठीवर घेऊन राजवाड्याचा जिना चढतोय. खाली ओळ, "शब्द पाळला." मी इतका हसलो की मशीनवरचा एका शिंप्याचा बॅनर वाकडा गेला.

त्यानंतर चित्रं येतच राहिली. खाली नाव नसायचं. फोनवरून बहिणीकडे जायची आणि तिथून गावभर. एकदा तिने फोटो पाठवला, मोर्चातल्या पोरींनी त्याचं चित्र काठीला लावून धरलं होतं. तो बराच वेळ बघत राहिला. "जरा तिरकं धरलंय," म्हणाला, आणि डोळे पुसायला मागे रंगाच्या डब्यांकडे गेला.

मी सांगून थकलो होतो, चित्राखालची ओळ मी टाइप करून देतो. ऐकेल तर शपथ. "माझ्या चित्राखाली मशीनचं अक्षर?" पाट्या रंगवणाऱ्याचा माज, दुसरं काय. नाव लपवलं आणि हात उघडा टाकला. चहावाल्याकडे बसणाऱ्या त्याच्याच एका देशवाल्याने फोनवर चित्र पाहिलं, मान वर केली तर डोक्यावर पाटी. झालं, बातमी त्यांच्या दूतावासात पोचली.

उस्तादचा पासपोर्ट तेव्हा नव्याने करायला दूतावासात गेलेला. तिथल्या साहेबाने तो समोर ठेवला आणि म्हणाला, "सेना आणि जनता, एकच घर. एवढा कापडी फलक रंगवून दे, तुझ्या हातचा. पासपोर्ट घेऊन जा." पासपोर्ट नाही तर इथला व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर परत तिथेच. तिथे चित्रं काढणाऱ्यांना घरातून उचलत होते.

आमचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, भला माणूस. त्याने दूतावासात खेपा घातल्या. त्याला मानाने कॉफी पाजली आणि तसाच परत पाठवला.

आमच्या खोलीवरचे लोक तर फारच शहाणे. "चार शब्द तर लिहायचेत. पोट भरायला आलो, आपल्याला काय करायचंय?" हेच लोक त्याची चित्रं एकमेकांना पाठवून खिदळत होते. तेव्हा माझं डोकं फिरलं होतं, आणि आता लिहितानाही फिरतंय.

शेवटी मीही म्हटलं, "उस्ताद, लिहून टाक. जीव वाचेल."

तो रागावला नाही. "सदीक, दोस्ता, त्या पोरी माझं अक्षर ओळखतात. उद्या तेच अक्षर लष्कराच्या गाडीवर दिसलं, तर त्यांनी काय समजायचं?" मग एका बेकरीची पाटी अर्धी राहिली होती ती रंगवायला बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "खलास."

व्हिसा संपला, दूतावासाने फक्त परत जाण्यापुरता कागद हातात दिला. विमानतळावर मी सोडायला गेलो. तिथल्या पाट्या बघून त्याने तोंड वाकडं केलं. पोचल्यावर फोन करतो म्हणाला, इन्शाल्ला. फोन आला नाही. तिथे बहीण विमानतळाबाहेर उभी होती, सगळं विमान रिकामं झालं तरी तो बाहेर आलाच नाही.

काही आठवड्यांनी फोनवर एक फोटो फिरू लागला. लष्कराची गाडी आणि तिच्यावर फलक, सेना आणि जनता, एकच घर. अक्षर उस्तादचं. खोलीवर एकजण म्हणाला, "बघ, वाकला शेवटी."

मी फोटो मोठा करून पाहिला. माझं पोट याच धंद्यावर आहे. उस्तादने एकच अक्षर दोनदा काढलं तर ती दोन भावंडं असायची, एकसारखी पण वेगळी. इथे जे अक्षर दोनदा आलं होतं ते शेपटीच्या टोकापर्यंत हुबेहूब तेच. त्याच्या पाट्यांचे फोटो काढून, अक्षरं कापून, कुणीतरी मशीनवर जोडली होती. हरामखोरांनी माणूस नेला तो नेला, वर त्याचा हातही चोरला. मी खोलीतल्या सगळ्यांना दाखवलं. "असेल," म्हणाले, आणि जेवायला बसले.

मग तोच फोटो अक्षरांवर खुणा करून बहिणीला पाठवला. म्हटलं, त्या पोरींना सांगा, हे त्याचं नाही, त्याने लिहिलेलं नाही. तिचा निरोप आवाजात आला. माझं अरबी दुकानापुरतं, म्हणून अर्बाबला ऐकवला. त्याने तो पुन्हा एकदा लावला, मग फोन माझ्या हातात दिला.

"ती म्हणते, पोरींना सांगितलं," अर्बाब म्हणाला. "आणि म्हणते, आता त्याची वाट बघत नाही. तो जिवंत असता तर त्यांनी त्याच्याकडूनच लिहून घेतलं असतं."